धुळीचं वजन

एक दिवस आठ तास माझ्या कॉलरला एक यंत्र लावलेलं होतं, आणि त्या आठ तासांत एक शब्दही न बोलता मी खोटं बोललो. मला ह्या लेखात तेवढंच सांगायचं आहे. बाकी जे येईल ते त्या खोट्याचा हिशेब म्हणून येईल.

मी सूतगिरणीत कामाला आहे. कार्डिंग खात्यात. दहावीनंतर शाळा सुटली. जे काय वाचलं ते तिसऱ्या पाळीनंतर, डोळे चुरचुरत असताना, रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या पुस्तकांतून. कविता करतो हे खात्यात दोघातिघांनाच माहीत आहे. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, तोही कार्डातच. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजा गावी आला तो परत गेला नाही. गिरणी सुटली, खोकला सुटला नाही. घरातले म्हणतात, पहाटे सगळे त्याच्या खोकल्यावर उठायचे. गिरणीचा भोंगा आजा छातीतच घेऊन आला होता.

ज्यांनी गिरणी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कापूस शेतातून एकटा येत नाही. पाचोळ्याचा चुरा, बोंडाला धरून असलेल्या बारीक पानांचा भुगा, माती, आणि ह्या सगळ्यावर जगणारे जंतू त्याच्याबरोबर गासडीत बांधून येतात. ब्लो रूममध्ये गासडी फोडतात आणि कापूस झोडपून काढतात. मग तो आमच्याकडे येतो. आमच्या मशिनीला तारांचे बारीक दात असतात. त्या दातांनी कापूस विंचरला जातो आणि पांढराशुभ्र पेळू होऊन डब्यात उतरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर! पण घाण काढली म्हणजे ती कुठंतरी गेलीच ना? काही मशिनीखाली पडते, काही पंख्यानं ओढून नेली जाते. उरलेली हवेत. आणि हवा कुठं जाते ते सांगायला नको.

*

दिसते ती धूळ घातक नाही, हे मला फार उशिरा कळलं. भुवयांवर बसते, पाळी सुटल्यावर म्हातारा करून घरी पाठवते, ती कापसाच्या तंतूंची. ती नाकात अडकते आणि शिंकेबरोबर जाते. खोल जाणारी धूळ दिसत नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. दहा मायक्रॉनच्या आतली धूळ नाक-घसा ओलांडते, आणि चार-पाचच्या आतली पार फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचते. उन्हाची तिरीप आली की धूळ नाचताना दिसते, तिरीप सरली की आपण म्हणतो हवा स्वच्छ आहे. डोळा हा असा साक्षीदार आहे. म्हणून मोजावं लागतं.

मोजतात कसं ते ऐका, कारण सगळी गोम तिथं आहे. कमरेच्या पट्ट्याला एक छोटा पंप. पंपाची नळी पाठीवरून खांद्यावर येते. तिच्या टोकाची डबी कॉलरला चिमट्यानं लावतात, नाकातोंडापासून फूटभराच्या आत, म्हणजे माणूस जिथली हवा ओढतो तिथलीच हवा यंत्रानंही ओढावी. डबीत एक गोल फिल्टर, ३७ मिलिमीटरचा. पाळीआधी त्याचं वजन करतात, पाळीनंतर पुन्हा करतात. वाढलेलं वजन म्हणजे धूळ. त्याला पंपानं ओढलेल्या हवेनं भागायचं. बास.

आता गणित. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो असं धरा. आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. हवेत घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम धूळ असेल तर फिल्टरचं वजन वाढणार ०.१९ मिलिग्रॅम. म्हणजे किती? बारीक मिठाचे तीन-चार दाणे. एका माणसाच्या आख्ख्या पाळीचा निकाल मिठाच्या तीन-चार दाण्यांवर! म्हणून सगळं जपून करावं लागतं. पंपाचा ओढा आधी तपासायचा, नंतर तपासायचा. फिल्टरमधला ओलावा स्थिर झाल्याशिवाय तोलायचं नाही. आणखी एक युक्ती असते. एक कोरा फिल्टर सोबत न्यायचा, त्यातून हवा ओढायची नाही, नुसता नेऊन आणायचा. त्याचं वजन बदललं तर समजायचं की मोजणीतच काहीतरी बिघडलंय. हा कोरा फिल्टर मला फार आवडला. काहीही न करता तो बाकीच्यांचं खोटं पकडतो.

*

दोन वर्षांमागे आमच्याकडे मोजणीवाले आले. बाहेरची माणसं, आपलं काम नीट करणारी. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की ते येणार हे खात्याला चार दिवस आधी कळलं होतं.

त्या चार दिवसांत काय काय झालं सांगतो. छताच्या कैच्यांवर वर्षाची धूळ होती, ती उतरवली. हवा गाळायचे पडदे धुतले. मशिनी झाडायला आम्ही कॉम्प्रेसरची हवा मारतो, त्यानं धूळ जात नाही, नुसती उठून दुसरीकडं बसते. तर त्या दिवशी हुकूम निघाला, आज कुणी हवा मारायची नाही. तीन कार्ड दुरुस्तीच्या नावाखाली बंद ठेवले. गासड्याही निवडून चांगल्या लावल्या. लग्नघर शोभत होतं खातं. फक्त नवरी दाखवायची होती ती धूळ, आणि तिलाच मागच्या दारानं बाहेर काढलेलं.

मोजणीवाल्यानं विचारलं, कुणाला लावू? सुपरवायझरनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला लावा, शिकलेला आहे, यंत्राशी खेळणार नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पट्टा बांधला, डबी लागली, पंप सुरू झाला. मोजणीवाला दुसऱ्या खात्यात गेला. मग सुपरवायझर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू आज तिकडं दाराशी थांब. डबे मोज."

डबे मोजायचं असं काम आमच्यात नसतं. दाराशी बाहेरची हवा येते. मी तेव्हा कायम नव्हतो, आणि कायम करायच्या पोरांची यादी त्याच महिन्यात व्हायची होती. हे तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

मी दाराशी थांबलो. पंप कमरेवर मांजरासारखा गुरगुरत होता. आत, चालू असलेल्या कार्डांच्या गल्लीत, माझ्या जागेवर आमच्या खात्यातले एक मामा वाकून काम करत होते. मधेच त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात हलवला. मीही हलवला. आणि डबे मोजले. एकशे बारा होते. दिवसभर तेच एकशे बारा.

अहवाल आला. आकडा मर्यादेच्या निम्म्यात. तो आकडा खरा होता. दाराशी हवा तशीच होती.

*

ही मर्यादा काय भानगड आहे, हे मी नंतर शोधत बसलो. टोचत होतं म्हणून.

अमेरिकेनं १९७८ साली कापसाच्या धुळीचा नियम केला. सूत काढायच्या खात्यांत आठ तासांची सरासरी घनमीटरला २०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. तेच ते ०.२ मिलिग्रॅम. त्यांचं यंत्र वेगळं. उभा नळकांड्यासारखा, मिनिटाला ७.४ लिटर हवा संथपणे वर ओढणारा. पंधरा मायक्रॉनच्या वरचे जड कण त्या संथ हवेत वर चढत नाहीत, खालीच राहतात. म्हणजे तंतू मोजायचे नाहीत, छातीत जाणारं मोजायचं, हा विचार. विचार चांगला आहे. पण ते यंत्र एका जागी उभं असतं. माणूस उभा नसतो. तो वाकतो, मशिनीखाली शिरतो, तोंड खुपसून गुंता काढतो. उभ्या यंत्राला गुंता काढावा लागत नाही.

गिरणीमालक ह्या नियमाविरुद्ध थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणाले, खर्च किती आणि फायदा किती, ह्याचा तराजू लावा. १९८१ साली न्यायालयानं सांगितलं की कायद्याला हा तराजू मान्य नाही, करता येण्याजोगं असेल तर कामगाराचं आरोग्य आधी. वाचून मी खूष झालो. मग त्याच निकालातला एक आकडा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. २०० ची मर्यादा तंतोतंत पाळली तरीसुद्धा सूत खात्यांतल्या शंभर कामगारांपैकी तेरा जणांना ह्या आजाराची निदान सुरुवातीची पायरी गाठेल, असा खुद्द नियम करणाऱ्यांचाच अंदाज होता.

तेरा. म्हणजे मर्यादा ही आजार थांबतो ती रेघ नव्हे. कायदा थांबतो ती रेघ. ह्या दोन रेघांच्या मधल्या पट्टीत तेरा माणसं उभी आहेत. आता प्रश्न असा, की त्या तेरा जणांना कुणी विचारलं होतं? शंभरांनी मिळून ठरवलं असतं की आम्ही चिठ्ठ्या टाकतो, ज्याची निघेल तो खोकेल, तर निदान तो त्यांचा निर्णय झाला असता. इथं चिठ्ठ्या टाकणारा बाहेर बसलेला आहे आणि त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात नाहीच.

दुसरी गोष्ट. आपल्याकडं २००९ साली शहराच्या हवेसाठी जी मर्यादा ठरली, त्यात दहा मायक्रॉनच्या आतली धूळ चोवीस तासांच्या सरासरीनं १०० मायक्रोग्रॅम धरलेली आहे. गिरणीसाठी २००. जाणकार म्हणतील, दोन्ही धुळी एक नाहीत, मोजायची यंत्रं एक नाहीत, रस्त्यावर पोरं-म्हातारी असतात, गिरणीत धडधाकट माणसं, तीही आठच तास. कबूल. पण मी गेटमधून आत पाऊल टाकलं की माझी छाती बदलते का? आणि धडधाकट माणूस धडधाकट किती दिवस राहतो, हाच तर सगळा प्रश्न आहे!

आणि सरासरी. ह्या शब्दाचा मला राग आहे, पण गणिताचा नाही. समजा दहा कामगार. नऊ जणांच्या वाट्याला ०.१, दहाव्याच्या वाट्याला १. बेरीज १.९, भागिले दहा, ०.१९. खातं कायद्यात बसलं. दहावा पाचपट धूळ खातोय आणि कागदावर सगळे सुखी! नऊ जणांचा चांगला श्वास काढून दहाव्याच्या नावावर लावला. नियमाप्रमाणं असं करता येत नाही, मोजणी माणसागणिक व्हायला पाहिजे. पण अहवालाच्या पहिल्या पानावर एकच आकडा असतो आणि साहेब पहिलंच पान वाचतो.

मग दहावा कोण, हे विचारायला लागतं. आणि इथं आपल्या देशातला माणूस असल्यावर एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नव्हते. का? तर धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा दोरा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणाले. विणकाम खात्यात पगार जास्त. आपली माणसं कताईच्या बाजूला, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला, तेव्हा कामगार-कामगार एक म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

आज धोटे गेले. मशिनीला कुणाची थुंकी लागत नाही. पण ब्लो रूममध्ये कोण, झाडायला कोण, कैच्यांवर चढायला कोण, मशिनीखालचा कचरा उपसायला कोण, एकदा हजेरीपट घेऊन बसा आणि आडनावं वाचा. आपली पोरं, आणि आता बिहार-ओरिसाहून ठेकेदारानं आणलेली पोरं. लोक म्हणतात धुळीला जात नसते. खरं आहे, धुळीला नसते. खात्याला असते. आणि गंमत बघा, ज्यांनी आमची थुंकी लागेल म्हणून धोटा नाकारला, त्यांना आमच्या फुफ्फुसातून गाळून निघालेल्या सुताचं धोतर नेसायला कधी अडचण आली नाही.

*

आता मामांकडं येतो.

मामांचा सोमवार गुरुवारी असतो. हे समजावून सांगायला पाहिजे. कापसाच्या धुळीचा आजार फार चमत्कारिक आहे. सुट्टी संपवून माणूस कामावर आला की त्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी कमी. पुढं हळूहळू सगळ्या दिवसांवर पसरतो आणि मग सुट्टीतही जात नाही. इंग्लंडात लँकाशायरच्या गिरण्यांत सुट्टी रविवारी, म्हणून तिथं हा सोमवारचा आजार. आमच्याकडं सुट्टी पाळीपाळीनं फिरते, मामांची बुधवारी. म्हणून त्यांचा सोमवार गुरुवारी.

लँकाशायरला १९५० च्या दशकात शिलिंग नावाच्या डॉक्टरनं ह्या आजाराच्या पायऱ्या लावल्या. सुट्टीनंतरच्या दिवशी कधीमधी छाती आवळते, ती अर्धी पायरी. दर वेळी आवळते, ती पहिली. बाकीच्या दिवशीही आवळते, ती दुसरी. आणि दम कायमचा कमी झाला, ती तिसरी. मला ह्यातली अर्धी पायरी फार मोलाची वाटते. कारण ती कुठल्याच यंत्रात दिसत नाही. ती फक्त विचारल्यावर कळते. डॉक्टरनं कामगाराला विचारलं, "सुट्टीनंतर तुझी छाती आवळते का?" कामगार म्हणाला, "कधी कधी." आणि डॉक्टरनं ते लिहून घेतलं. कामगाराचा शब्द आकड्यांच्या रांगेत बसला. म्हणजे कामगाराच्या शब्दावर विश्वास टाकला, तिथूनच मोजायला सुरुवात झाली.

त्याच्याही आधी, १७०० साली, इटलीत रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. ताग-अंबाडीसारखे धागे विंचरणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल त्यात आहे. वैद्यांना त्यानं सांगितलं, रोग्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा: तू काम काय करतोस? आपल्याकडं पहिला प्रश्न वेगळाच असतो. तुझं आडनाव काय? पण शेकडो वर्षं आपल्याकडं ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं, तरी कुणी वैद्यानं ते रोगाशी जोडून बघितलं नाही.

मामांना डॉक्टरनं नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, आणखी फुंका." मामांचा श्वास अर्ध्यावर संपला. डॉक्टरनं विचारलं, बिडी ओढता? मामा म्हणाले, ओढतो. झालं. कागदावर बिडी आली. मी बिडीची वकिली करत नाही. बिडीनं हा आजार बळावतो, हे खरंच आहे. पण बिडी मामांनी स्वतः पेटवली, ती सोडायची का नाही हा त्यांचा त्यांच्याशी झगडा. धूळ त्यांनी पेटवली नव्हती. दोन विस्तव एका घरात लागले आणि पंचनाम्यात एकाचंच नाव!

गिरणीकडून दर महिन्याला गूळ मिळतो. धूळ खाणाऱ्यानं गूळ खावा, छाती साफ होते, असं आज्याच्या वेळेपासून ऐकतोय. गूळ गोड लागतो, मी खातो. पण गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत, एवढं शरीरशास्त्र मला पुस्तकांनी शिकवलंय. आणि गुळाचं सोडा, गूळ वाटून हवेतली धूळ किती कमी झाली, हे कुठल्या फिल्टरवर दिसणार? धूळ काढायला यंत्र लागतं, झाकण लागतं, ओढणारा पंखा लागतो. ते महाग. गूळ स्वस्त.

मामांनी नुकसानभरपाईचा अर्ज केला. कापसाच्या धुळीचा आजार कायद्यात कामाचा आजार म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे दार आहे. पण दाराशी गेल्यावर विचारलं गेलं, खात्यात धूळ किती? गिरणीनं अहवाल काढून दिला. मर्यादेच्या निम्म्यात. अर्ज परत आला.

तो आकडा माझ्या कॉलरवरचा होता.

*

मी स्वतःच्या बाजूनं तीन युक्तिवाद केले. रात्रपाळीत भरपूर वेळ असतो.

पहिला: हुकूम होता. हुकूम करणारा मोठा गुन्हेगार, हे खरं. पण त्यानं माझा मोठा भाग उचलला म्हणून माझा लहान भाग शून्य होत नाही. सरासरीवर मी रागावतो आणि पापाची मात्र सरासरी काढतो, असं कसं चालेल?

दुसरा: पोट. हा खरा आहे. उपाशी माणसाला नीतीचे धडे देणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण मी उपाशी नव्हतो. कायम व्हायचं होतं. भूक आणि कायम होणं ह्यांत फरक आहे, आणि तो फरक मला त्या दिवशीही माहीत होता.

तिसरा: मी नसतो तर दुसरा उभा राहिला असता. राहिला असता. मग हा लेख त्यानं लिहिला असता.

एक मित्र आहे, कडक विचारांचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मोजणी म्हणजेच मालकाचं नाटक. धूळ आहे हे आंधळ्यालाही कळतं, मोजायचं कशाला? बहिष्कार टाका." थोडा वेळ मला पटलं. मोजलंच नाही तर खोटं मोजायचा प्रश्नच मिटला. पण मग मामांच्या कागदाचं काय? जे मोजलं नाही त्याला आपल्याकडं नावं ठरलेली आहेत. सवय. प्रकृती. नशीब. बिडी. मागच्या जन्माचं. आपल्या माणसांचं दुःख हजारो वर्षं मोजल्याशिवाय राहिलं, म्हणून ते धर्म झालं. मोजलं असतं तर गुन्हा झाला असता. मोजणी सोडून द्यायची म्हणजे त्यांचीच भाषा पुन्हा स्वीकारायची. नाही. मोजणी पाहिजे, पण ती कुणाच्या हातात, हे विचारलं पाहिजे. तारीख कोण ठरवतो? पट्टा कुणाच्या कमरेला? तो माणूस उभा कुठं? मशिनी किती चालू? त्या दिवशी हवा मारली का? हे अहवालात नसेल तर आकडा कितीही अचूक असू दे, तो आंधळा आहे. मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा दाखवणारा काटा खरं-खोटं दाखवत नाही. ते माणसालाच करावं लागतं.

आणि आकडा खरा असला तरी तो सगळं सांगत नाही, हेही नोंदवून ठेवतो. वजन सांगतं धूळ किती. धुळीत काय आहे हे सांगत नाही. कापसावरच्या जंतूंचं विष ह्या आजारामागं मोठं कारण आहे असं आता मानतात. घाणेरड्या कापसाची तेवढ्याच वजनाची धूळ जास्त मारते.

भोपाळ १९८४ ला झालं, त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती होऊन कामगाराला आपल्या आरोग्याबद्दल माहिती मागायचा हक्क मिळाला. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला जुना ॲक्ट गेला, नवी संहिता आली. पुस्तकं बदलतील. पण गेटवरच्या फळ्यावर हजेरी लागते, दंड लागतो, उत्पादन लागतं. धुळीचा आकडा कधी लागलेला मी बघितला नाही. ज्या हवेला मी छाती देतो तिचा आकडा मला अर्ज करून मागावा लागत असेल, तर तो हक्क कसला, तो उसनवार झाला.

*

शेवटी मामांना सांगितलं. सांगायचं धाडस व्हायला आठ महिने लागले. तोपर्यंत मी कायम झालो होतो. चहाच्या टपरीवर सांगितलं, की मामा, त्या दिवशी मी दाराशी उभा होतो. तुमचा कागद माझ्यामुळं परत आला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दम घेत होते, का विचार करत होते, कळलं नाही. मग म्हणाले, "बघितलं हुतं की मी. डबं मोजत हुतास." पुन्हा दम घेतला. "दाराशी हवा बरी हुती का रं?"

मी म्हटलं, होती.

"मग आठ तास तरी तुझी छाती वाचली," मामा म्हणाले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी मोकळं केलं नाही. मला वाटतं त्यांना तसं करायचंही नव्हतं.

आता मी एक वही ठेवतो. तारीख, पाळी, किती कार्ड चालू, कुठल्या गासड्या, हवा किती वेळा मारली, पंखा बंद होता का. सुट्टीनंतर कामावर आलेल्या प्रत्येकाला विचारतो, आज छाती आवळली का? पहिल्यांदा हसायचे. आता आपणहून येऊन सांगतात, "लिही रे, आज आवळली." सतरा जणांची नावं आहेत, पहिलं नाव मामांचं. ही वही म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. तिला काटा नाही, फिल्टर नाही. पण तारीख आधी कळवून ती कुणी झाडून ठेवू शकत नाही. मामांचा अर्ज पुन्हा घातलाय. त्याच्यासोबत वहीची नक्कल जोडली आहे, आणि माझं एक निवेदन, की त्या दिवशी मी कुठं उभा होतो आणि कुणाच्या सांगण्यावरून. खाली सही केली आहे. पूर्ण नावानं, आडनावासकट.

ह्याचं काय होईल माहीत नाही. कायम झालेल्यालाही काढता येतं. पण त्या कोऱ्या फिल्टरची मला आठवण येते. सोबत न्यायचा, त्यातून हवा ओढायची नाही, नुसता नेऊन आणायचा, आणि तरी मोजणीतला बिघाड त्याच्यावरूनच कळतो. त्या दिवशी दाराशी उभा राहून धूळ न लागता परत आलेला मी तसलाच कोरा फिल्टर होतो. फक्त कोरा फिल्टर तोललाच जातो. मला कुणी तोललं नाही. म्हणून आता मीच काट्यावर येऊन बसलोय.

दोस्तहो, तुमच्याही खात्यात कधीतरी मोजणीवाले येतील. गिरणीत, खडीच्या क्रशरवर, पिठाच्या चक्कीवर, सिमेंटच्या गोदामात. तुमच्या कॉलरला डबी लावतील आणि कुणीतरी कानात येऊन सांगेल, तू आज दाराशी थांब.

थांबू नका. आत जा, आपल्या जागेवर.